व्याकरणकार लिंडले मरे

दरवर्षीं इंग्रजीच्या तासाला एक दिवस असा उगवतो कीं, त्या दिवशीं वर्गांतील बहुतेक मुलांचीं तोंडें उतरलेलीं दिसतात. तो दिवस म्हणजे ॲक्टिव्ह व्हॉइसचा पॅसिव्ह व्हॉइस करावयास शिकण्याचा दिवस. कर्म उचलून वाक्याच्या आरंभीं आणावयाचें, कर्त्यास 'बाय' ह्या शब्दाच्या आधारानें शेवटीं नेऊन बसवावयाचें, क्रियापदाला 'टु बी' चें योग्य रूप जोडावयाचें. आणि एवढा सारा खटाटोप करून हातीं काय लागतें, तर तीच गोष्ट उलट्या बाजूनें सांगितलेली! गेल्या वर्षीं एका चौकस विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें कीं, हें लचांड मुलांच्या मागें प्रथम लावलें तरी कोणी? तितक्यांत घंटा झाली व उत्तर राहून गेलें. तें उत्तर वार्षिकाच्या ह्या पानांतून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

खरें सांगावयाचें तर ह्या विषयाचा उगम कोणा एका मनुष्यापाशीं नाहीं. लॅटिन भाषेच्या जुन्या व्याकरणांतून तो इंग्रजींत आला. परंतु शाळेच्या बांकावर बसलेल्या मुलाच्या हातीं तो नीट मांडून, नियम आणि उदाहरणें ह्यांसह ज्यानें दिला, व ज्याच्या पुस्तकावरून इंग्लंड, अमेरिका आणि हिंदुस्थान ह्या तिन्ही देशांतील पिढ्यान् पिढ्या इंग्रजी व्याकरण शिकल्या, असा एक पुरुष मात्र निश्चित दाखवितां येतो. त्याचें नांव लिंडले मरे. एके काळीं हें नांव शाळेंत पाऊल टाकलेल्या प्रत्येकास ठाऊक होतें. आज तें विस्मृतींत गेलें असलें तरी त्याचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावें असें आहे.

इ. स. १७४५ मध्यें उत्तर अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत स्वातारा नांवाच्या ठिकाणीं लिंडलेचा जन्म झाला. त्या वेळीं तो मुलूख इंग्लंडच्या राजाच्या सत्तेखालीं होता. बाप रॉबर्ट मरे हा प्रथम पिठाच्या गिरणीचा मालक होता व पुढें व्यापारांत शिरून मोठा धनिक झाला. आईचें माहेरचें आडनांव लिंडले. तेंच मुलाचें नांव म्हणून ठेवण्यांत आलें. बारा भावंडांत हा सर्वांत वडील. घराणें क्वेकर पंथाचें होतें. ह्या पंथाचे लोक साधी राहणी, खरें बोलणें आणि युद्धापासून अलिप्तपणा ह्यांस फार मान देतात. इ. स. १७५३ च्या सुमारास हें कुटुंब न्यूयॉर्क शहरीं येऊन राहिलें. त्या शहरांतील मरे हिल ह्या भागास ह्याच घराण्याचें नांव पडलेलें आहे.

लहानपणीं लिंडले हा मोठा खोडकर व चंचल मुलगा होता. त्याचा बाप न्यायी खरा, पण शिस्तीचा कडक. मुलानें आपल्याप्रमाणें व्यापारी व्हावें अशी त्याची इच्छा. म्हणून त्यानें त्यास आपल्या पेढीवर हिशेब लिहावयास बसविलें. मुलाचें मन मात्र पुस्तकांत. एके दिवशीं घरच्या नियमाविरुद्ध बाहेर गेल्याबद्दल बापानें त्यास शिक्षा केली. आपल्यावर अन्याय झाला असें वाटून तो मानी मुलगा आपलीं पुस्तकें व जवळचे थोडेसे पैसे घेऊन निघाला, तो थेट न्यू जर्सी प्रांतांतील बर्लिंग्टन गांवीं पोहोंचला. आणि तेथें काय केलें म्हणाल, तर एका वसतिगृहाच्या शाळेंत नांव घालून फ्रेंच भाषा शिकूं लागला! घरांतून पळून जाऊन शाळेंत बसणारा मुलगा आमच्या तरी पाहण्यांत आलेला नाहीं. पुढें पत्ता लागला, नातेवाइकांनीं मध्यस्थी केली, बापलेकांचा समेट झाला आणि घरींच शिकविण्याकरितां त्यास स्वतंत्र शिक्षक ठेवण्यांत आला.

तरुणपणीं त्यानें वकिलीचा अभ्यास करण्याचें ठरविलें. बापास हें पसंत नव्हतें. तेव्हां लिंडलेनें वाद न घालतां आपल्या बाजूचीं सर्व कारणें कागदावर क्रमवार लिहून काढलीं. तो कागद बेंजामिन किसम नांवाच्या वकिलाच्या पाहण्यांत आला. त्याची मांडणी पाहून वकिलाचें मन इतकें प्रसन्न झालें कीं, त्यानेंच बापाची समजूत घातली व मुलास आपल्या कचेरींत घेतलें. त्याच कचेरींत त्याचा एक सहाध्यायी जॉन जे हा होता. हाच पुढें इ. स. १७८९ मध्यें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा पहिला सरन्यायाधीश झाला. विचार नीट लावून लिहिण्याची जी संवय मरे ह्यांस वकिलींत लागली, तिचा उपयोग कोर्टापेक्षां शाळेला अधिक झाला, हें आपणांस पुढें दिसेलच. इ. स. १७६७ मध्यें हॅना डॉब्सन हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. त्यांस मूलबाळ झालें नाहीं. परंतु हा संसार जवळजवळ साठ वर्षें मोठ्या प्रेमानें चालला.

ह्यापुढील भाग चरित्रकारांस अवघड जातो, व तो टाळून पुढें जाणें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. इ. स. १७७५ मध्यें अमेरिकेंतील वसाहती आणि इंग्लंड ह्यांच्यामध्यें युद्ध पेटलें. मरे हे वकिली सोडून लाँग आयलंडवरील आयस्लिप नांवाच्या गांवीं जाऊन राहिले. तेथें मासेमारी, नौकाविहार व शिकार ह्यांत त्यांचे दिवस गेले. युद्धामुळें परदेशचें मीठ येईनासें झालें होतें, म्हणून मीठ तयार करण्याचा कारखाना काढावा असा बेत त्यांनीं केला. पण इंग्रजी फौजेनें तो मुलूख घेतल्यामुळें तो बुडाला. नंतर ते इंग्रजांच्या ताब्यांतील न्यूयॉर्कमध्यें परत आले, व्यापार करूं लागले आणि युद्ध संपेपर्यंत बरेच श्रीमंत झाले. ईस्ट नदीच्या कांठीं बेलव्ह्यू नांवाची रम्य जागा त्यांनीं घेतली. ह्याच नांवाचें प्रसिद्ध इस्पितळ पुढें त्या ठिकाणीं उभें राहिलें.

सुखानें राहण्याचे दिवस आले आणि त्याच वेळीं शरीरानें साथ सोडली. स्नायू दुर्बळ होऊं लागले. थोडें चालतांच पाय थकत. हवापालट झाली, औषधें झालीं, गुण आला नाहीं. इंग्लंडांतील यॉर्कशर परगण्याची समशीतोष्ण हवा मानवेल असा वैद्यांनीं सल्ला दिला, आणि इ. स. १७८४ च्या अखेरीस पतिपत्नी स्वदेश सोडून निघालीं. यॉर्क शहराजवळ होलगेट नांवाच्या खेड्यांत त्यांनीं बागेसह एक घर विकत घेतलें. दोन तीन वर्षांनीं परत जावयाचें असा विचार होता. पण जन्मभूमीचें दर्शन त्यांस पुन्हां घडलें नाहीं.

प्रकृति हेंच देशत्यागाचें कारण होतें काय? मरे ह्यांनीं आपल्या आत्मचरित्रपर पत्रांत तेंच सांगितलें आहे. अलीकडच्या संशोधकांपैकीं कांहींचें मत मात्र वेगळें पडतें. युद्धकाळांत शत्रूच्या छायेखालीं व्यापार करून ज्यांनीं संपत्ति मिळविली, त्यांच्यावर विजयी अमेरिकनांचा रोष होता. ह्या रोषाची झळ घराण्यास लागूं नये म्हणूनहि हें दूर जाणें झालें असावें, असें ते म्हणतात. दोन्हीं कारणें एकाच वेळीं खरीं असूं शकतील. न्यायासनावर बसण्याचा आमचा अधिकार नाहीं. इतकें मात्र आम्ही म्हणूं कीं, ज्या पुरुषानें मुलांना कर्ता शोधावयास शिकविलें, त्याच्या स्वतःच्या चरित्रांतील ह्या एका वाक्याचा कर्ता धूसर राहिला आहे.

होलगेट येथें आल्यावर आरंभीं ते बागेंत थोडे हिंडत. पुढें चालवेना, म्हणून चाकांच्या खुर्चींतून त्यांस बागेंत फिरविण्यांत येई. रोज गाडींतून थोडें बाहेर नेण्यांत येई. कांहीं वर्षांनीं तेंहि सोसवेना. आयुष्याचीं शेवटचीं सुमारें सोळा वर्षें त्यांनीं घराचा उंबरठा ओलांडला नाहीं. सकाळीं कोचावर बसवावें, रात्रीं उठवून निजावयास न्यावें, असा क्रम झाला. पहा कीं, ह्या मनुष्याची दिनचर्या सांगूं लागतांच लेखणींतून आपोआप कर्मणि प्रयोग उतरूं लागला! त्यांस नेण्यांत येई, फिरविण्यांत येई, बसविण्यांत येई. आमच्या मराठींत तर ह्या अवस्थेकरितां एक खास रूपच आहे. त्यांच्यानें चालवेना, उभें राहवेना, असें आपण म्हणतों, व मनांत इच्छा असून शक्ति नाहीं हा सारा भाव एका शब्दांत येतो.

परंतु ज्याच्या हातापायांस काम उरलें नाहीं त्याच्या हातून किती काम झालें, तें आतां ऐका.

इ. स. १७८७ मध्यें त्यांनीं पहिलें पुस्तक छापविलें. संकटकाळीं आणि मरणकाळीं धर्मानें मनुष्याच्या मनास कसें बळ दिलें, ह्याचीं उदाहरणें त्यांत एकत्र केलेलीं होतीं. ह्या पुस्तकावर त्यांनीं आपलें नांव घातलें नाहीं, व प्रती परिसरांतील लोकांस फुकट वांटल्या. लोकांस तें आवडलें आणि पुन्हां पुन्हां छापावें लागलें, तेव्हां कोठें पुढील आवृत्तींवर नांव आलें.

यॉर्क शहरांत इ. स. १७८५ मध्यें क्वेकर लोकांनीं मुलींची एक शाळा काढली होती. तेथील तरुण शिक्षिकांस स्वतःलाच इंग्रजी व्याकरणाचें पुरें ज्ञान नव्हतें. आणि आपणांस जें येत नाहीं तें मुलींना कसें शिकवावें, ही त्यांची खरी अडचण होती. अशी अडचण मान्य करण्यास धैर्य लागतें, हें शिक्षक झाल्यावरच कळतें. त्या मरे ह्यांच्या घरीं येऊन शिकूं लागल्या. पुढें त्यांनीं विनंती केली कीं, जें तोंडीं सांगतां तें पुस्तकरूपानें लिहून द्यावें, म्हणजे शाळेला कायमचा आधार होईल. मरे प्रथम कचरले. परंतु विनंतीला मान देऊन लिहावयास बसले. अशा रीतीनें इ. स. १७९५ मध्यें यॉर्क येथें त्यांचें इंग्रजी व्याकरण छापून निघालें. तें एका लहानशा कन्याशाळेसाठीं लिहिलेलें पुस्तक होतें.

ह्या व्याकरणाचे चार भाग होते : वर्णविचार, शब्दविचार, वाक्यविचार आणि छंदोविचार. मुलांनीं जें पाठ करावयाचें तें मोठ्या टाइपांत आणि शिक्षकांनीं अथवा पुढें गेलेल्या विद्यार्थ्यांनीं वाचावयाचें विवेचन बारीक टाइपांत, अशी त्यांत सोय होती. आज ही युक्ति साधी वाटेल. पण वर्गांत उभें राहून शिकविणाऱ्यास तिची किंमत कळते. इ. स. १७९७ मध्यें त्यांनीं अभ्यासाचें एक निराळें पुस्तक काढलें. त्यांत मुद्दाम चुकीचीं वाक्यें दिलेलीं असत, व तीं नियम लावून मुलांनीं दुरुस्त करावयाचीं असत. त्याचीं उत्तरें वेगळ्या पुस्तकांत. वर्गांत आम्ही जे चुकांच्या दुरुस्तीचे प्रश्न घालतों, त्यांची वाट इतकी जुनी आहे.

आतां पॅसिव्ह व्हॉइसकडे वळूं. मरे ह्यांनीं, त्यांच्या आधींच्या व्याकरणकारांस अनुसरून, क्रियापदांचे तीन वर्ग केले : करणें दाखविणारीं, सोसणें दाखविणारीं, आणि दोन्हीं नव्हे अशीं केवळ स्थिति किंवा असणें दाखविणारीं. ह्यांतील दुसरा वर्ग म्हणजे पॅसिव्ह. हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थच सोसणें, भोगणें असा आहे. रोग्यास इंग्रजींत पेशंट म्हणतात, सहनशीलतेस पेशन्स म्हणतात, आणि आपल्या प्रभूच्या दुःखसहनास पॅशन म्हणतात. हे सारे शब्द एकाच मुळाचे. म्हणजे पॅसिव्ह वाक्यांतील जें उद्देश्य, तें क्रिया करीत नाहीं. तें दुसऱ्यानें केलेली क्रिया आपल्या अंगावर घेतें. एवढा एक अर्थ ध्यानांत ठेवला तर अर्धी भीति तेथेंच संपते.

लॅटिन भाषेंत ह्यासाठीं क्रियापदाला निराळे प्रत्यय लागतात. इंग्रजींत तसे प्रत्यय नाहींत. तेथें 'टु बी' चें रूप घेऊन त्यास मुख्य क्रियापदाचें भूतकालवाचक धातुसाधित जोडतात. कोणी म्हणे, प्रत्यय नाहींत तर हा प्रयोग इंग्रजीचा नव्हेच. मरे ह्यांनीं साहाय्यक क्रियापदांनीं बनलेल्या रूपांस व्याकरणांत मानाचें स्थान दिलें, आणि प्रेम करणें ह्या अर्थाचें क्रियापद घेऊन त्याचीं पॅसिव्हचीं सर्व काळांतील व सर्व अर्थांतील रूपें क्रमानें मांडून दाखविलीं. एक गोष्ट येथें मौजेची आहे. घर बांधलें जात आहे, हें सांगण्यास आपण आज 'दि हाऊस इज बीइंग बिल्ट' म्हणतों. मरे ह्यांच्या तरुणपणीं शिष्ट लोक 'दि हाऊस इज बिल्डिंग' म्हणत. 'बीइंग' चें रूप अठराव्या शतकाच्या अखेरीस पुढें येऊं लागलें, व एकोणिसाव्या शतकांत कित्येक पंडितांनीं त्यास अशुद्ध म्हणून नाकें मुरडलीं. आज तेंच रूप न आलें तर परीक्षक गुण कापतात! भाषा कोणाच्या हुकुमानें चालत नाहीं, ह्याचें हें चांगलें उदाहरण होय.

आमच्या मुलांची जी खरी चूक होते ती मात्र निराळी आहे, व ती मरे ह्यांच्या पुस्तकांत सांपडणार नाहीं. ती मराठीमुळें होते. मुलानें पुस्तक वाचलें, ह्या वाक्यांत क्रियापद पुस्तकाप्रमाणें फिरतें, म्हणून मराठी व्याकरणांत हा कर्मणि प्रयोग. पोथी वाचली, ग्रंथ वाचला, असें रूप बदलतें. हें पाहून मुलें त्याचें इंग्रजी करतांना पॅसिव्ह घालतात. तें चूक होय. कर्ता येथें पुढेंच उभा आहे. क्रियापदानें मान तेवढी कर्माकडे वळविली आहे. म्हणून इंग्रजींत ॲक्टिव्हच पाहिजे. मुलाकडून पुस्तक वाचलें गेलें, किंवा नुसतें पुस्तक वाचलें गेलें, असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हांच इंग्रजी पॅसिव्हचें खरें स्थान येतें. तसेंच, ज्या क्रियापदाला कर्म नाहीं त्याचा पॅसिव्ह इंग्रजींत होत नाहीं. मराठींत आम्हांस भावे प्रयोग आहे व त्यांत कर्मावांचून चालतें. इंग्रजींत तें सुख नाहीं. हा भेद वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

ह्या विषयाचा व महाराष्ट्राचा आणखी एक संबंध आहे. मराठी भाषेचे पाणिनि म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्या दादोबा पांडुरंग तर्खडकर ह्यांनीं इ. स. १८३६ मध्यें आपलें मराठी व्याकरण प्रसिद्ध केलें. तें रचतांना त्यांच्यापुढें संस्कृत व्याकरणाची परंपरा होती, तसाच इंग्रजींतील मरे ह्यांचा कित्ताहि होता. होलगेटच्या कोचावर बसून एका दुबळ्या मनुष्यानें यॉर्कच्या मुलींसाठीं जें लिहिलें, त्याची सावली चाळीस वर्षांनीं आमच्या मायबोलीच्या व्याकरणावर पडली.

मरे ह्यांनीं पुढें आणखी पुस्तकें लिहिलीं. इ. स. १७९९ मध्यें निवडक उताऱ्यांचें वाचनपुस्तक निघालें. मग फ्रेंच वाचनपुस्तक, शुद्धलेखनाचें पुस्तक, आणि इ. स. १८०८ मध्यें व्याकरणाची दोन भागांची मोठी आवृत्ति. त्यांचें वाचनपुस्तक अमेरिकेंतील शाळाशाळांत गेलें. अब्राहाम लिंकन ह्यांनीं लहानपणीं तें वाचलें होतें व शाळेच्या पुस्तकांत तें सर्वोत्तम असें ते मानीत, अशी त्यांच्या मित्राची आठवण आहे. मरे ह्यांच्या सर्व पुस्तकांच्या मिळून दीड कोटीच्या आसपास प्रती खपल्या असाव्यात, असा संशोधकांचा अंदाज आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत इतका खप क्वचितच कोणा ग्रंथकाराच्या वाट्यास आला असेल.

त्यांच्यावर टीकाहि झाली, व ती सर्वस्वी निराधार नव्हती. बिशप लाउथ ह्यांचें व्याकरण इ. स. १७६२ मध्यें निघालें होतें. मरे ह्यांनीं त्यांतून व इतर ग्रंथांतून पुष्कळ मजकूर घेतला, आणि कोठून काय घेतलें हें प्रत्येक ठिकाणीं सांगितलें नाहीं. आपण ग्रंथकार नसून केवळ संग्राहक आहों, असें त्यांनीं प्रस्तावनेंत मोकळेपणानें मान्य केलें आहे, तरी हा दोष उरतोच. पुढें इ. स. १८६० नंतर एका टीकाकारानें मरे ह्यांच्याच वाक्यांतील चुका काढून एक पुस्तक भरविलें. दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करणाऱ्यानें हें केव्हां तरी घडेल अशी तयारी ठेवावीच लागते. आम्ही शिक्षकांनीं तर विशेष.

पुस्तकांपासून आलेला पैसा त्यांनीं स्वतःसाठीं ठेवला नाहीं; तो परोपकाराच्या कामीं लावला. यॉर्क येथें इ. स. १७९६ मध्यें विल्यम ट्यूक ह्यांच्या पुढाकारानें मनोरुग्णांसाठीं रिट्रीट नांवाची संस्था उघडली. सांखळदंड व मारहाण ह्यांऐवजीं दयेनें आणि कामांत गुंतवून रोग्यांस बरें करावें, हा तिचा नवा मार्ग होता. ह्या कार्यास मरे ह्यांचा पाठिंबा होता. गुलामांची मुक्तता व त्यांच्या वंशजांचें शिक्षण, अमेरिकेंतील मूळ रहिवाशांचें हित, आणि गरिबांस विद्या, ह्यांसाठीं आपली शिल्लक संपत्ति लावावी, अशी तजवीज त्यांनीं मृत्युपत्रांत करून ठेविली. इ. स. १८२६ मध्यें होलगेट येथें त्यांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांनीं वयाची ऐंशी वर्षें गांठलीं होतीं. त्यांच्या पत्नी हॅना ह्या इ. स. १८३४ मध्यें निवर्तल्या. त्यांच्या बागेंतील लहानसें उन्हाळी घर यॉर्क येथील माउंट स्कूल ह्या शाळेच्या आवारांत नेऊन जपून ठेवलेलें आहे. व्याकरणकाराच्या स्मारकास शाळेचें आवार मिळावें, हें योग्यच झालें.

आतां त्या चौकस विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा उरलेला भाग. हा प्रयोग शिकावयाचा कशासाठीं? तर कर्ता केव्हां पुढें आणावा आणि केव्हां मागें ठेवावा, हें समजावें म्हणून. चोर पकडला गेला, ह्या बातमींत कोणी पकडला ह्यापेक्षां पकडला गेला हें महत्त्वाचें. दान देणाऱ्यानें मी दिलें असें न म्हणतां दिलें गेलें म्हणावें, हें शोभतें. मरे ह्यांनीं पहिल्या पुस्तकावर नांव घातलें नाहीं, तो असा सात्त्विक कर्मणि प्रयोग होता. परंतु वर्गाची खिडकी फुटली कीं, सर्व मुलें एकदम पॅसिव्हमध्यें बोलूं लागतात. शाई सांडली गेली, वही हरवली गेली, खिडकी फोडली गेली. आणि कर्ता विचारावा तर सारा वर्ग स्तब्ध!

हा दोष मुलांचाच आहे असें मात्र नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेंतील गुणांची बेरीज आमच्या हातून चुकली. दहा गुण कमी पडले व तो अनुत्तीर्ण ठरला. मुलगा दोन दिवस जेवला नाहीं, असें त्याच्या आईनें येऊन सांगितलें. आम्हीं चूक दुरुस्त केली. पण कार्यालयाला जी चिठ्ठी लिहिली तींत गुण चुकीचे मांडले गेले असें लिहिलें. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष होतें. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर तें वाक्य मनांत टोंचूं लागलें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं ती चिठ्ठी परत मागून घेतली, कर्ता जागेवर आणून बसविला, आणि त्या मुलास वर्गासमोर सांगितलें कीं, चूक आमची. त्या दिवसापासून हा धडा शिकवितांना आमचा स्वर थोडा बदलला आहे.

विद्यार्थिमित्रहो, लिंडले मरे ह्यांच्या वाट्यास सोसणें पुष्कळ आलें. तें त्यांनीं कुरकुर न करतां सोसलें, आणि सोसतां सोसतां जें करण्याजोगें होतें तें करीत राहिले. जें आपल्यावर येतें त्याचा कर्ता आपण नसतों. पण त्याला दिलेल्या उत्तराचा कर्ता आपणच असतों. चांगलें काम झालें तर आपलें नांव मागें ठेवण्यास लाजूं नका. चूक झाली तर पुढें येऊन मीं केली असें म्हणण्यास भिऊं नका. एवढें साधलें तर व्हॉइसचा धडा तुम्हांस आला असें आम्ही समजूं. मग परीक्षेंत एखादें 'बाय' राहून गेलें तरी तें आम्ही मोठ्या मनानें क्षमा करूं. गुण मात्र कापूं!